साडेतीनची रात्र

सुनीती घारपुरे ऑकलंडमध्ये ट्रक हाकते, असं तिची सांगलीची मावशी सगळ्यांना सांगत असे. ते खरं नव्हतं. सुनीती ट्रक हाकत नसे, ट्रक हाकणाऱ्यांना कुठे जायचं ते सांगत असे. पेनरोजच्या एका मोठ्या गोदामात ती डिस्पॅचला होती. गोठवलेले मटार, मासे, आइस्क्रीम असला माल तिथून शहरभर जाई आणि कुठली गाडी कुठल्या रस्त्याने आधी कुठे, मग कुठे जाईल हे ती ठरवी. दोन हजार सात साली डिप्लोमा करायला आली, शिकून झाल्यावर जी पहिली नोकरी मिळाली तिथेच चिकटली. काम चोख करी, पण जीव त्यात नव्हता. मटारांना कुठेही पाठवलं तरी त्यांना काही वाटत नाही, आणि सुनीतीला माणसांना कुठेतरी घेऊन जायचं होतं.

ही हौस उपजतच. कॉलेजात असताना मैत्रिणींची सहल ठरवणारी तीच, बसमध्ये डबे वाटणारी तीच आणि परतीच्या वाटेवर एकेकीला घरापर्यंत पोचवणारीही तीच. न्यूझीलंडला आल्यावर ही हौस गप्प बसली नाही. दोन हजार पंधरा साली मराठी मंडळाची सहल तिने टौरंगाला काढली. बंदरात उभी असलेली मोठमोठी जहाजं बघायची, मग कीवीफळांच्या बागेत जेवायचं, असा झकास बेत होता. टौरंगाच्या वेशीवर बस गाड्यांच्या गर्दीत अशी अडकली की बंदर बसच्या खिडकीतूनच दिसलं, तेही लांबून. बागेपाशी पोचले तर फाटकाला कुलूप. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी सगळ्यांनी बसमध्येच, एकमेकांच्या कोपरांचा मार खात संपवली. नावं ठेवण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार? तेव्हापासून कुणाचा बेत फसला की ऑकलंडच्या मराठी घरांत ‘टौरंगा झालं’ असं म्हणायची पद्धत पडली. सुनीती हसून घ्यायची. घरी आल्यावर मात्र तासभर कुणाशी बोलायची नाही.

तिचा नवरा शिरीष अवोन्डेलला एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट होता. रविवारी सकाळी दोघं तिथल्या बाजारात भाजी घ्यायला जात. मेथीची जुडी, ओली हळद, अळूची पानं असं सगळं मिळतं म्हणून अर्धं मराठी ऑकलंड तिथे लोटतं. भाजी घेऊन झाल्यावर एका कोपऱ्यात दहाबारा म्हातारी मंडळी गप्पा मारत उभी असायची. ही सगळी मुलांकडे राहायला आलेले आईवडील. मुलांनी प्रेमाने आणलं होतं, त्यात काही खोट नाही. पण आणल्यावर त्यांचं काय करायचं, हे प्रेमाला सुचलं नव्हतं. नातवंडांना शाळेत सोडा, शाळेतून आणा, त्यांच्याशी मराठीत बोला आणि इंग्रजीत उत्तरं ऐका, संध्याकाळी साडेसहाला जेवा, नऊला झोपा. आठवड्यातला हा एक बाजार काय तो त्यांचा स्वतःचा.

त्यांच्यातले राजाराम कोयंडे मूळचे मालवणचे, जन्मभर व्यापारी जहाजांवर इंजिनियर म्हणून राबलेले. सगळ्यांचे काका. त्यांची एक गोष्ट कोपऱ्यातल्या प्रत्येकाला पाठ होती. त्र्याऐंशी सालच्या जुलैत त्यांचं जहाज बाल्टिक समुद्रातल्या टॅलिन बंदरात आठवडाभर उभं होतं. निघायचा हुकूम कधीही येईल म्हणून कप्तानाने कुणाला किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. काकांनी आठवडाभर डेकवरून ते गाव पाहिलं. उंच निमुळते मनोरे, तटबंदी, लाल छपरं. संध्याकाळी किनाऱ्यावरून गाण्याबजावण्याचे आवाज येत, आणि हे आपले कठड्याला टेकून. जग फिरलो, पण त्या एका गावाने मला दारातून परत पाठवलं, असं म्हणून काका गोष्ट संपवत.

दोन हजार अठराच्या मार्चमध्ये ही गोष्ट सतराव्यांदा की अठराव्यांदा ऐकताना सुनीती म्हणून गेली, चला काका, मी नेते. बोलणं सोपं होतं. पण तिथे उभ्या असलेल्या लीला सबनीस, म्हणजे लीलाकाकू, लगेच म्हणाल्या की मग मीही येते. पॅरिस-लंडन सगळेच करतात, जिथे ओळखीचं कुणी गेलेलं नाही तिथे जाऊ. नाइटलाइफही बघू. हा शब्द काकूंनी कुठल्यातरी चॅनेलवर ऐकला होता. बघता बघता अकराजण तयार झाले.

त्या रात्री सुनीतीने शिरीषला मनातलं सांगितलं. ही टूर नीट झाली तर पेनरोज सोडायचं आणि स्वतःची टूर कंपनी काढायची. फसली, तर पुन्हा कुणाला साधं समुद्रावरही न्यायचं नाही, आयुष्यभर मटार पाठवत बसायचं. शिरीष म्हणाला, मटाराचं काय वाईट आहे? तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

आठ महिने ती घरी आल्यावर त्याच कामाला लागत होती. हेलसिंकीपर्यंत विमान, तिथून दोन तासांची बोट, जुन्या गावातलं हॉटेल, संग्रहालयं, टेकडीवरून दिसणारा देखावा, चौकातल्या मोकळ्यावरच्या कॉफीच्या जागा. सगळी फेरी तिने मिनिटामिनिटाने आखली. तारखाही सहज ठरल्या. नाताळात गोदाम बंद, शाळा बंद, सगळ्यांना सुट्टी, नातवंडांना सांभाळायला मुलं घरी. म्हणजे डिसेंबरची अखेर.

वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. तिच्या आलं नाही.

आता यात नवल वाटण्यासारखं काही नाही. इथे नवीन आलेला माणूस वर्षभर ‘इथे सगळं उलटं आहे’ असं सांगत फिरतो. डिसेंबरात उन्हाळा, जूनमध्ये गारठा, त्याला पटतच नाही. मग एक दिवस पटतं. आणि पटलं की इतकं पटतं की उरलेलं जग सुलट आहे हे तो विसरून जातो. अकरा वर्षांत सुनीतीच्या डोक्यात डिसेंबर म्हणजे समुद्र, जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि नाकाला लावायचं सनस्क्रीन. टॅलिनचे तिने पाहिलेले सगळे फोटोही उन्हातलेच होते. आणि एकटी तीच कशाला, अकरा म्हातारी माणसं, त्यांची मुलं आणि सुना, कुणाच्याही ध्यानात आलं नाही. काका तर तिथे जाऊन आलेले, पण ते गेले होते जुलैत, आणि उन्हाळ्यात गेलो होतो एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी काकांच्या मुलाकडे सगळे जमले. हा मुलगा शंतनू, मोठ्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. वडिलांना न्यायला त्याचा पहिल्यापासून विरोध होता, फक्त काकांच्या हट्टापुढे त्याचं चाललं नव्हतं. सुनीती उभी राहून सोबत काय घ्यायचं ते सांगत होती. सुती साड्या, टोप्या, गॉगल, पोहायची हौस असेल तर टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे. शंतनू सोफ्यावर बसून फोनमध्ये काहीतरी बघत होता. त्याने मान वर केली आणि विचारलं, डिसेंबरच्या अखेरीला टॅलिनमध्ये तापमान किती असतं माहीत आहे का? सुनीती म्हणाली, वीस-बावीस. त्याने फोन तिच्यासमोर धरला. गेल्या वर्षी त्याच आठवड्यात उणे सात. आणि सूर्यास्त दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी.

 सुनीतीने ते आकडे दोनदा वाचले. तिने सारवासारव केली नाही, हा तिचा मोठेपणा. माझ्या डोक्यात इथला डिसेंबर होता, चूक माझी आहे, एवढंच ती म्हणाली.

“चूक?” शंतनू म्हणाला. “सुनीती, बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. बर्फावर पडून खुब्याचं हाड मोडलं तर माणूस परत उभा राहीलच असं नाही. मी हे हॉस्पिटलमध्ये ढिगाने पाहतो. तू गोदामात माल पाठवतेस ना, ते कर. माणसं न्यायच्या भानगडीत पडू नकोस.”

तो दुष्ट नव्हता. घाबरलेला मुलगा होता, आणि घाबरलेल्या माणसाची जीभ कुठे लागेल ते त्याला कळत नाही. पण लागायची तिथे लागली. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर बाकीच्या मुलांनीही टूर रद्द करा म्हणून लावून धरलं, आणि कुणीतरी नुसतंच ‘टौरंगा’ असं लिहून खाली हसरे चेहरे टाकले. सुनीतीने फोन उशीखाली ठेवला आणि रडली. शिरीष शेजारी बसून राहिला. या वेळी तो मटारांबद्दल काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती बाजारात गेली ती सगळ्यांना तोंडावर सांगून मोकळं होण्यासाठी. कोपऱ्यात अकराच्या अकराजण उभे होते, आणि आज कुणाच्या हातात भाजीची पिशवी नव्हती. लीलाकाकू पुढे आल्या. काकू नाशिकच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर माणसं सरळ उभी राहत.

“हे बघ सुनीती,” त्या म्हणाल्या, “मुलांनी रद्द करा म्हटलं. आम्हाला कुणी विचारलं का? मी बर्फ फक्त फ्रिजमध्ये पाहिलाय गं. थंडीने मरायचं वय माझं झालंच आहे, पण कंटाळ्याने मरायची माझी तयारी नाही. तू नेणार आहेस की नाही तेवढं सांग.”

सुनीती म्हणाली, काकू, पण बेत सगळा उन्हाचा आहे. बाहेर बसणं, टेकडी, उशिरापर्यंत भटकणं, त्यातलं काहीच होणार नाही. दुपारी साडेतीनला अंधार पडणार. हे बोलता बोलताच ती थांबली. पेनरोजला रस्ता बंद पडला की ती माल परत बोलवत नसे, फेरी उलटी लावत असे. शेवटचं दुकान पहिलं, पहिलं शेवटी. इतकी वर्षं ती रोज हेच करत आली होती. समोर ही सगळी साडेसहाला जेवणारी, नऊला झोपणारी माणसं. यांना नाइटलाइफ बघायचं होतं. उन्हाळ्यात गेलो असतो तर तिथे रात्री अकरापर्यंत उजेड. यांनी रात्र पाहिलीच नसती, घोरत पडले असते.

आणि डिसेंबरात रात्र साडेतीनला.

तिथेच, कोथिंबिरीच्या टेबलाशेजारी उभं राहून तिने फेरी उलटी लावली. सकाळी उशिरा उठायचं. उजेडाचे चार तास गाव बघायचं. उजेड ओसरायला लागला की संग्रहालयात शिरायचं. बाहेर येऊ तेव्हा रात्र झालेली असेल, दिवे लागलेले असतील, नाताळचा बाजार, गाणी, सगळं आपलं. आठला हॉटेलात, नऊला अंथरुणात. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. काका म्हणाले, “म्हणजे रात्रीचं गाव बघून वर झोप पूर्ण. मुलगी डोकेबाज आहे.”

शंतनू ऐकायला तयार नव्हता. थंडीत चालता येतं हे आधी सिद्ध करा, मग बोला, असं त्याने फर्मावलं. ऑकलंडमध्ये, डिसेंबरच्या तोंडावर, थंडी आणायची कुठून? कुणालाही वाटेल की हा प्रश्न तिला अडवणारा होता. सुनीती सोमवारी कामावर गेली आणि शीतगृहाचा सुपरवायझर सियोने याच्याशी बोलली. तो टोंगाचा, दारात मावणार नाही एवढा मोठा आणि आजीच्या हाताखाली वाढलेला. म्हातारी माणसं पहिल्यांदा बर्फ बघायला निघाली आहेत हे ऐकून तो म्हणाला, “स्वीट ॲज,” म्हणजे एकदम झकास. वरच्या साहेबाची परवानगीही त्यानेच काढली.

शनिवारी सकाळी पेनरोजच्या गोदामासमोर जे दृश्य होतं ते तिथल्या ड्रायव्हरांच्या अजून तोंडी आहे. बाहेर रणरणतं ऊन. लोक अर्ध्या चड्ड्यांत. आणि एका मिनीबसमधून अकरा मराठी म्हातारे-म्हाताऱ्या उतरताहेत, लोकरीच्या टोप्या, जाड मोजे, बर्फावर न घसरणारे नवेकोरे बूट. लीलाकाकूंनी नऊवारी आयुष्यात नेसली नव्हती, ती त्या दिवशी आतल्या उबदार पायजम्यावर नेसून आल्या, कारण पाचवारीत पाय मोकळे टाकता येत नाहीत असं त्यांचं म्हणणं. सियोनेने ‘किआ ओरा’ असा माओरी नमस्कार करत एकेकाला गोदामाचं जाडजूड जाकीट आणि चमकती पिवळी बंडी चढवली, आपत्कालीन दार कुठे आहे ते सांगितलं आणि शीतगृहाचं दार सरकवलं.

आत उणे अठरा. टॅलिनपेक्षा वाईट. दोन्ही बाजूंना छपरापर्यंत मटार आणि आइस्क्रीमची खोकी, मधल्या वाटेवर पांढरा गारठा. सुनीती पुढे, तिच्या मागे ओळीने सगळे, पायाचा पंजा सपाट टेकवत, छोटी छोटी पावलं टाकत, तिने शिकवलं तसे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वळून परत. कोपऱ्यावर तिने सगळ्यांना थांबवलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं की डाव्या हाताला तेराव्या शतकातली तटबंदी आहे. डाव्या हाताला कोळंबी होती. काका म्हणाले, तटबंदीला वास येतोय. सगळे इतके हसले की तोंडांतून वाफेचे लोट निघाले.

शंतनू नाडी तपासायला आला होता, तो उन्हाळ्यात माणूस येईल तसा, शॉर्ट्स आणि जँडल्स घालून. वरून जाकीट चढवून तोही आत शिरला. सियोनेने त्याच्या उघड्या पायांकडे बघून मान हलवली, पण डॉक्टरला कोण शिकवणार? थोड्याच वेळात डॉक्टरसाहेब दात वाजवत बाहेर पळाले आणि उन्हात जाऊन पाय चोळत बसले. त्याचे वडील आतून सगळ्यांच्या शेवटी, रमत-गमत आले. मुलाने त्यांची नाडी पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. मग सुनीतीला म्हणाला, रोज रात्री मेसेज टाक. तिला तेवढं पुरे होतं, आणि डॉक्टरच तयार झाल्यावर बाकीच्या मुलांनाही.

डिसेंबरच्या एका दुपारी बोटीच्या डेकवर काका कठड्याला धरून उभे होते आणि धुरकट उजेडात ते मनोरे समोर आले. आता छपरं पांढरी होती. बोट लागली, फळी पडली आणि राजाराम कोयंडे पस्तीस वर्षांनी टॅलिनच्या किनाऱ्यावर उतरले. उतरल्यावर त्यांनी वाकून जमिनीला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. लीलाकाकूंनी खाली वाकून मूठभर बर्फ उचलला, निरखून पाहिला आणि हातात वितळेपर्यंत टाकला नाही.

पहिली संध्याकाळ मात्र सुनीतीची सत्त्वपरीक्षा होती. पावणेपाचला काळोख गुडूप. दिव्यांच्या माळा, चौकात उंच नाताळचं झाड, त्याच्याभोवती लाकडी टपऱ्या, गरम मसालेदार सरबताचा वास. सगळं तिने ठरवल्यासारखं. एका तळघरात गाणं-बजावणं चालतं असं तिने शोधून ठेवलं होतं. दारापाशी गेली तर बंद. पाटीवर लिहिलेलं, रात्री नऊला सुरू. पुढच्या दारी दहा. त्याच्या पुढे साडेनऊ. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रात्र साडेतीनला होते हे खरं, पण इथली माणसं घड्याळ बघून नाचायला येतात, अंधार बघून नाही. मागे अकराजण बर्फात उभे, टोप्यांवर पांढरे कण, आणि सगळ्यांची नजर तिच्याकडे. कुणी टौरंगा म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं, असं तिला वाटलं.

ती रडली नाही. रडून फेरी पुरी होत नाही. तिने सगळ्यांना एका टपरीपाशी गरम सरबत हातात देऊन उभं केलं आणि एकटी त्या गल्लीतली दारं ठोठावत निघाली. पाचव्या की सहाव्या दाराआड व्हायोलिन ऐकू आलं. दार एका जाडजूड, पिकल्या केसांच्या बाईने उघडलं. ती मालकीण. आत वादक रात्रीसाठी सराव करत होते, गिऱ्हाईक नऊनंतर. सुनीतीने तिला सगळं सांगितलं, अगदी डिसेंबरची चूकसुद्धा. न्यूझीलंडहून आलेत, सगळे सत्तरीपुढचे, नऊला झोपतात, आणि त्यांना फक्त एकदा तुमच्या गावची रात्र बघायची आहे. बाई हसली नाही. आपली आईही नऊला झोपते, असं म्हणाली आणि दार पूर्ण उघडलं.

वादक चौघं होते. सुरुवातीला ते आपल्याआपल्यात सूर लावत होते, ही मंडळी भिंतीला लागून बाकांवर शाळेतल्यासारखी बसलेली. मग व्हायोलिनवाल्याने एक ठेक्याचं गाणं धरलं, ॲकॉर्डियन त्यात शिरलं, आणि काकांचा पाय हलायला लागला. आधी एक, मग दोन्ही. मग ते उठले. मालवणच्या शिमग्यात लहानपणी नाचत असत तसे, गुडघ्यांत वाकून, हात वर करून, एका जागी गिरक्या घेत. वादकांनी त्यांच्याकडे बघून लय वाढवली. लीलाकाकूंनी नऊवारीचा पदर खोचला आणि मालकिणीचा हात धरून तिला मध्ये ओढलं. नंतर कुणीच बसून राहिलं नाही. सुनीती भिंतीला टेकून उभी होती. आनंदाने हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिने फोन काढून चित्रण केलं.

निघताना व्हायोलिनवाला म्हणाला, उद्याही पाचला या. तुमच्यासमोर सराव जास्त चांगला होतो. ते रोज गेले. दुपारी, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या जुन्या बंदरातल्या संग्रहालयात छत्तीस सालची पाणबुडी पाहिली. काका तिच्या इंजिनाच्या खोलीत शिरले ते बाहेर येईनात, शेवटी तिथल्या रखवालदाराने त्यांना बसायला स्टूल आणून दिलं. टेकडीवरून गाव पाहिलं, कुणी घसरलं नाही. आणि पाच वाजले की तळघर. शेवटच्या दिवशी आठला हॉटेलात परत चला म्हटलं, तर लीलाकाकू म्हणाल्या, आम्ही काय लहान मुलं आहोत? मग सुनीती एकटीच जांभया देत बसून राहिली आणि अकराजण साडेदहापर्यंत नाचले.

जानेवारीत सगळे परत आले, एकाचंही नाकसुद्धा न गळता. मार्चपर्यंत सुनीतीने पेनरोजचा राजीनामा दिला. सियोनेने केक आणला. अवोन्डेलला एका डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानाच्या, शेजारच्या अर्ध्या गाळ्यात तिने टेबल टाकलं, दारावर पाटी लावली आणि पहिल्या सोमवारी नऊ वाजता एकटीच जाऊन बसली. खुर्चीत बसल्यावर तिने टेबलावरून उगीचच हात फिरवला. ही जागा आपली आहे, हे तिला खरं वाटत नव्हतं.

पहिला माणूस आला तो शंतनू. हॉस्पिटलमधून रात्रपाळी करून थेट, डोळे तांबारलेले. समोरची खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला की तू त्या रात्री पाठवलेलं चित्रण मी इथे पहाटे वॉर्डातच पाहिलं. माझे डोळे भरलेले बघून नर्सला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे.

“मी बेचाळीस वर्षांचा आहे,” तो म्हणाला. “बाबा सतत जहाजावर, आणि घरी असले की गप्प. नाचणारे बाबा मी कधी पाहिलेच नव्हते. आता रोज जेवताना त्या तळघराबद्दल बोलतात. मी त्यांना इथे आणलं आणि सात वर्षं नुसतं सांभाळलं गं.”

सुनीतीला त्याला काहीतरी समजुतीचं सांगावंसं वाटलं, पण त्याला समजूत नको होती. टूर हवी होती. तिघांची. तो, त्याची बायको आणि बाबा.

तिने कॅलेंडर पुढे ओढलं आणि त्याला नीट समजावून सांगितलं की जूनमध्ये तिथे उत्तम हवा असते, ऊन असतं, लोक चौकात बाहेर बसतात. शंतनू मान हलवत राहिला.

“डिसेंबर,” तो म्हणाला. “तिथली रात्र बाबा आम्हाला दाखवणार आहेत.”